शून्यांचे मोल

प्रकाशवर्षांचे मीटर करणे किंवा मीटरचे अतिसूक्ष्म अंश मांडणे म्हणजे शून्यांची रुक्ष मोजदाद होय, असे पुष्कळांना वाटते. हे काम यंत्र क्षणात करीत असता विद्यार्थ्याने ते का शिकावे, असेही विचारले जाते. परंतु हा विचार योग्य नव्हे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दुरून, म्हणजे बारावर चोवीस शून्ये इतक्या मीटरांवरून आली होती. तिने ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत घडविलेला बदल मात्र, मीटरचे एकावर अठरा शून्ये इतके भाग केले असता, त्यांतील सुमारे चार भागांएवढाच होता. दोन्ही अंतरे अशी एकाच मापाने मांडली, म्हणजे त्या शोधाची थोरवी उमगते. आकडा लिहिताना एक शून्य गळले, तर उत्तर दहापट चुकते. यंत्र त्या चुकीच्या आकड्यावरही निमूटपणे गणित करीत राहते. चूक ओळखतो तो जाणता माणूसच. हिंगोली जिल्ह्यातील अशाच वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ साली मंजुरी दिली आहे. तेथे उद्या काम करू इच्छिणाऱ्याने आजच शून्याचा मान राखावयास शिकावे.