औषधाच्या पायऱ्या

सोलापूरच्या एका भगिनीने लिहिले आहे, "माझी लेक न्यू जर्सीत असते. तिला आमवात आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं, पण विमा कंपनी म्हणते, आधी स्वस्तातलं दुसरं औषध घ्या, गुण नाही आला तर बघू. औषध डॉक्टर ठरवणार की कंपनी?"

प्रश्न रास्त आहे, बाई. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या. दुकानातल्या गोळ्यांचे पैसे आपणच मोजतो, म्हणून हा प्रकार चटकन उमगत नाही. अमेरिकेत औषधांचाही विमा असतो. कंपनीची औषधांची यादी असते आणि त्यातल्या काही महागड्या औषधांना अट असते : आधी खालच्या पायरीचे घ्या. यालाच तिकडे 'स्टेप थेरपी' म्हणतात. आमवातात पहिली पायरी बहुधा मेथोट्रेक्सेटची, वरची अ‍ॅडलिम्युमॅबसारख्या इंजेक्शनांची.

आता कंपनीला सरसकट नावे ठेवू नका हं! मेथोट्रेक्सेट जुने, स्वस्त आणि पुष्कळांना लागू पडणारे. डॉक्टरही बहुधा त्यानेच सुरुवात करतात. राग यावा तो निराळ्याच गोष्टीचा. जावयाची नोकरी बदलली, विमा बदलला, की नवी कंपनी कधी कधी पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभे करते. इकडे सांधे थोडेच थांबतात! एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

आणखी एक. लेकीला फोनवर मोकळेपणी विचारा, मूल हवे असा विचार चालला आहे का? मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. दिवस राहण्याच्या आधीच काही काळ ते बंद करावे लागते. तसे असेल तर तिने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पायरी वगळून मागायला हे फार भक्कम कारण आहे.

ही सूट डॉक्टरांमार्फत मागतात. पूर्वी कोणते औषध, किती दिवस घेतले, काय त्रास झाला, हे तारखांसकट हवे. इकडे उपचार झाले असतील तर तेही कागद शोधून पाठवा. नकार आला, तर नोकरीतून मिळालेल्या विम्यात अपिलाला 180 दिवस मिळतात. पुढे बहुतेक विम्यांत बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. 65 च्या पुढची मंडळी मेडिकेअरच्या औषध-योजनेत असतील, तर डॉक्टरांचे कारण पोचल्यापासून 72 तासांत, तातडी असल्यास 24 तासांत निर्णय द्यावा लागतो.

आणि हो, तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर इकडून गोळ्या पाठवायची घाई नको. तिच्या डॉक्टरांना आधी विचारू दे.