अर्धशिशीच्या विखुरलेल्या चिठ्ठ्या

उल्हासनगरच्या कॅम्पांतील, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील आणि बदलापूरहून पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांतील अर्धशिशीचे रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांच्या औषधांची संपूर्ण हकीकत आपल्यापैकी कोणाच्याही दप्तरी क्वचितच आढळते, कारण रात्रपाळी, जागरण आणि चुकलेले जेवण यांनी उसळलेल्या डोकेदुखीवर एक गोळी स्टेशनजवळच्या केमिस्टाची, दुसरी फॅमिली डॉक्टरांची आणि तिसरी दादर-परळच्या तज्ज्ञांची असते, आणि या तिघांस परस्परांची वार्ताही नसते.

यातील खरा धोका अर्गोटामाइनचा. कॅफीन, पॅरासिटामॉल व प्रोक्लोरपेराझिन यांच्या संगतीने एकाच गोळीत मिळणारे हे जुने, स्वस्त द्रव्य सकाळी घेतलेल्या रुग्णास सायंकाळी सुमाट्रिप्टान दिले, तर दोन्ही द्रव्ये रक्तवाहिन्यांचे आकुंचन करणारी असल्याने हृदयाच्या रोहिण्या अधिकच आवळल्या जातात. सबब दोहोंमध्ये 24 तासांचे अंतर हवे, दोन निरनिराळ्या ट्रिप्टानांसही हाच नियम लागू आहे, आणि हृदयविकार असलेल्यास तर दोन्ही वर्ज्यच. त्याहून दगाबाज मामला क्लॅरिथ्रोमायसिनचा. घशाच्या वा छातीच्या संसर्गासाठी बिनदिक्कत लिहिले जाणारे हे प्रतिजैविक यकृतातील अर्गोटामाइनचे विघटन रोखते, आणि हातापायांचा रक्तपुरवठा खुंटून कोथ होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. प्रोप्रानोलॉल चालू असता रिझाट्रिप्टानची मात्रा 10 ऐवजी 5 मिलिग्रॅम ठेवावी, हेही पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

याउलट, नैराश्यावरील एसएसआरआय औषधांसमवेत ट्रिप्टान दिल्यास सेरोटोनिन सिंड्रोम होईल अशी जी धास्ती अमेरिकी औषध-प्रशासनाच्या 2006 च्या इशाऱ्यापासून अनेकांस बसली आहे, ती आमच्या मते अवाजवी आहे. त्या सिंड्रोमची लक्षणे रुग्णास समजावून द्यावीत, परंतु त्या विरळ धोक्यापायी उपयुक्त औषध नाकारू नये. सुमाट्रिप्टानसोबत नॅप्रोक्सेन तर हितावहच ठरते.

शिवाय ट्रिप्टान, अर्गोटामाइन वा मिश्र वेदनाशामके महिन्यातून 10 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यास औषधांपायीच डोकेदुखी जडते, आणि मग तो चौथी गोळी मागावयास येतो.

व्यवसायबंधूंस विनंती अशी की, नवी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी गेल्या 24 तासांत काय घेतले हे विचारावे, खिशातली रिकामी पट्टी मागून घ्यावी आणि त्यावरील द्रव्यांची नावे केसपेपरवर नोंदवावीत. केमिस्टबंधूंनी अनुसूची एचमधील अर्गोटामाइन चिठ्ठीवाचून देऊ नये.