महागाई भत्ता आणि कांदा



कांदा महागला की आम्हा पेन्शनर मैत्रिणींच्या गप्पांत सरकारच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. मीही त्यात पुढे असायचे. हल्ली जरा गप्प बसते. कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी.

तो निफाड तालुक्यातला, कांदा पिकवणारा. २०२४ च्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला होता. मी सहज म्हटलं, "बरं झालं रे, कांदा उतरला एकदाचा!" तो हसून म्हणाला, "तुमच्यासाठी बरं झालं, बाई. पण एक विचारू? महागाई वाढली की तुमची पेन्शन वाढते. मग भाव पाडून परत तुम्हालाच का सांभाळायचं?"

जन्मभर मुलांना प्रश्न विचारले. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही.

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. सगळ्यांनी एकदम विकला तर मातीमोल होतो. म्हणून शेतकरी तो चाळीत ठेवतो आणि भाव येईपर्यंत थांबतो. चाळ बांधायला सरकार अनुदान देतं. हे धोरण उत्तमच! पण थांबण्यातही जोखीम आहे. थोडा कांदा सडतो, उरलेल्याचं वजन घटतं. आणि नेमका भाव चढू लागला, की दुसरं धोरण आडवं येतं. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली. तेव्हा बाजारात लाल कांदा होता, जो टिकतच नाही. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

एका हाताने चाळ द्यायची आणि दुसऱ्या हाताने चाळीतल्या कांद्याचा भाव पाडायचा, याला काय म्हणावं?

त्याच २०२३ च्या सुरुवातीला भाव कोसळले होते. तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, तेही २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, अर्ज हवा. निर्यातबंदीला मात्र एक रात्र पुरते.

कुणी म्हणेल, गरिबाने काय करावं? प्रश्न खरा आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ना पेन्शन, ना भत्ता. त्यांना कांदा परवडायलाच हवा. त्याचा मार्गही सरकारला ठाऊक आहे. २०२३ मध्येच केंद्राने साठ्यासाठी कांदा खरेदी केला आणि २५ रुपये किलोने विकला. तो रास्त भावाने घ्यावा आणि गरजूंना स्वस्तात द्यावा. मधला फरक तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून भरावा. एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून कशाला? आणि निर्यातीचे नियम लागवडीपूर्वी सांगून हंगामभर पाळावेत. परीक्षा चालू असताना आम्ही कधी प्रश्नपत्रिका बदलली नाही.

असो. जानेवारी आणि जुलैचा भत्ता मी घेतेच आहे, नाकारत नाही. पण तो घेऊन कांद्याच्या भावावर ओरडणं मात्र सोडलंय.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.