धनुष्य मोडलं का हो?

मैत्रिणींनो, खरं सांगा हं, दूरदर्शनवरचं 'रामायण' तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलं? सगळ्यांनीच हात वर केलेत ना? आता दुसरा प्रश्न. बसून किती जणींनी पाहिलं?

बघा, निम्मे हात खाली आले की नाही!

२५ जानेवारी १९८७ ला ते सुरू झालं, आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी साडेनऊ म्हटलं की गल्लीत चिटपाखरू नसायचं. आमच्या वाड्यात तेव्हा टीव्ही एकच, आणि तो आमच्याकडे. ह्यांना त्याचा कोण अभिमान! नऊ वाजल्यापासून दाराशी चपलांचा ढीग. सासूबाई न्हाऊन टीव्हीला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या. चिरंजीव गच्चीवर अँटेना फिरवायचे. "आलं का?" "नाही रे, मुंग्याच आहेत!" "आता?" "होतं तिथं ने परत!" आणि मग ह्यांचा स्वयंपाकघराच्या दिशेनं खास प्रेमळ आवाज, "अगं, वीसेक कप टाक बरं का."

भाग होते ७८. दर खेपेला वीस धरले तरी १५६० कप झाले. सेतू बांधायला वानरसेना तरी होती हो!

तर मी 'रामायण' पाहिलं नाही, ऐकलं. रवींद्र जैन यांचा आवाज आला की समजायचं, सुरू झालं. शंख वाजला की युद्ध. बायका मुसमुसायला लागल्या की सीतामाईवर काहीतरी ओढवलं. युद्धाचं एक सोयीचं होतं, इकडचा बाण तिकडच्या बाणाला भिडेपर्यंत माझ्या दोन पोळ्या व्हायच्या. दारासिंग हनुमान होऊन आले त्या दिवशी मात्र कणकेच्या हातानं धावले. दारातून काय दिसलं? अख्ख्या वाड्याच्या पाठी.

सीतास्वयंवराची फार हौस होती मला. नेमकं दूध उतू जायला आलेलं. आतूनच ओरडले, "धनुष्य मोडलं का हो?" ह्यांनी मानसुद्धा न वळवता सांगितलं, "कधीच! चहाचं काय झालं?"

सगळे हसले, मीही हसले. पण दुपारी कपबशा विसळताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. धनुष्यासाठी नव्हे. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही, हिला हाक मारावी म्हणून.

मग २०२० साली टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं, सकाळी नऊला नि रात्री नऊला. या खेपेला दाराशी चपला नाहीत. सासूबाई नाहीत, आणि टीव्ही इतका पातळ की हार टांगायचा कुठं! कामवाली येत नव्हती, मोरी भांड्यांनी भरलेली. तरी मी खुर्ची ओढली आणि बसले.

स्वयंवराचा भाग लागला, आणि तोच प्रेमळ आवाज, "चहा होईल का?" सूनबाई उठायला लागली. तिला हाताला धरून खाली बसवलं. म्हटलं, "अहो, तुमचं १९८७ सालीच पाहून झालंय. जा, टाका तीन कप."

गेले बिचारे. डबे वाजले, कसलंसं झाकण गडगडलं. सूनबाई पदर नसल्यामुळे उशीत तोंड खुपसून हसत होती. मी पडद्यावरची नजर हलवली नाही.

आतून हाक आली, "अगं, साखर कुठंय? आणि धनुष्य मोडलं का?"

"मोडलं! साखर निळ्या डब्यात."