शब्द दिला होता म्हणून

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोणच्या-पापडांना सुट्टी. एका जपानी माणसाची हकिगत सांगायची आहे. ऐकायला विलक्षण आहे, पण एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे, त्याचं उत्तर याच हकिगतीतून जातं, म्हणून जरा धीर धरा.

कोकिची निशिमुरा त्यांचं नाव. जन्म १९१९ चा, शिकोकू बेटावरच्या कोची भागातला. दुसऱ्या महायुद्धात ते १४४व्या पायदळ पलटणीत होते. १९४२ साली ही पलटण न्यू गिनीच्या किनाऱ्यावर उतरली आणि कोकोडाच्या पायवाटेनं डोंगर ओलांडू लागली. वाट जेमतेम ९६ किलोमीटरची, पण सारा चढउतार, चिखल, जळवा आणि मलेरिया. डोंगरापलीकडे पोर्ट मोर्सबी बंदर, ते घ्यायचं होतं. सप्टेंबरात एफोगी गावाजवळ ऑस्ट्रेलियन फौजेशी हातघाईची लढाई झाली, त्यात निशिमुरांच्या खांद्याला गोळ्या लागल्या. बंदर आवाक्यात आलं असं वाटत असतानाच माघारीचा हुकूम आला. रसद तर आधीच तुटली होती. गोळीनं मेले त्यांचं एक, पण उपासानं आणि तापानं किती गेले! निशिमुरांच्या तुकडीत शेवटी ते एकटे उरले. मेलेल्यांना तिथंच सोडून यावं लागलं, तेव्हा त्यांनी मनोमन शब्द दिला, मी परत येईन आणि तुम्हाला घरी नेईन.

असे शब्द पुष्कळजण देतात हो. पुढे लग्न, मुलंबाळं, पोटापाण्याचा उद्योग. निशिमुरांचंही तसंच झालं. यंत्रकामाचा कारखाना काढला, तो चांगला चालला. आणि १९७९ साली, वयाच्या साठीला टेकल्यावर, त्यांनी घर, कारखाना, पैसाअडका सगळं बायको-मुलांच्या हवाली केलं आणि न्यू गिनीला निघून गेले. मुलगे आईच्या बाजूनं राहिले, मुलगी वडिलांच्या.

पुढची पंचवीसएक वर्षं त्यांनी तिथं हाडं शोधण्यात घालवली. गावकऱ्यांना विचारायचं, मग धातू शोधणारं यंत्र घेऊन रान तुडवायचं. हाड काही यंत्राला कळत नाही. कळतं ते शिरस्त्राण, जेवणाचा डबा, पट्ट्याचं बक्कल. तिथं खणायचं. ओलीच्या मातीत हाडं मऊ होतात, म्हणून शेवटी हातानंच माती बाजूला करायची. ओळखबिल्ला, दात, एखादी वस्तू यावरून माणूस कोण हे लावायचा प्रयत्न करायचा आणि जमल्यास त्याच्या घरच्यांपर्यंत पोचवायचं. एफोगीला त्यांनी स्मारकाचा दगडही उभारला. २००५ च्या सुमारास तब्येत साथ देईना, तेव्हा ते जपानला परतले. २०१५ साली वारले. चार्ल्स हॅपेल या ऑस्ट्रेलियन पत्रकारानं २००८ मध्ये त्यांच्यावर एक पुस्तकच लिहिलं.

हाडांचं एवढं काय, असं आपल्याकडे तरी कुणी विचारणार नाही. अस्थी पाण्यात सोडेपर्यंत आपल्या जिवालाही चैन नसते. जपानात दहनानंतर घरची माणसं काड्यांनी अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात. म्हणून तिथं जेवताना एकाच्या काडीतला घास दुसऱ्यानं काडीनं घ्यायचा नाही, अशुभ मानतात. आता विचार करा, परदेशी आणि दूरच्या बेटांवर जपानचे सुमारे २४ लाख लोक मेले आणि त्यातल्या ११ लाखांहून अधिकांच्या अस्थी आजही परत आलेल्या नाहीत. तितक्या घरी कुणीच काही उचललं नाही. (आपलेही जवान तिकडे आहेत बरं का. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या कित्येक हिंदी जवानांना जपान्यांनी न्यू गिनीला नेलं. तिथल्या लाए गावच्या युद्धस्मशानात त्यांच्यातल्या अनेकांच्या कबरी आहेत.)

निशिमुरांपुढे मी हात जोडते. पण त्यांच्या पत्नीचं काय? शब्द दिला त्यांनी, किंमत मोजली दोघांनी. तिला पैसा मिळाला, घर मिळालं, पण निर्णय ऐकवला गेला, विचारला गेला नाही. मला हे खटकतं, आणि त्यांची थोरवी मान्य करूनही खटकतं.

आता ते पत्र. सातारा जिल्ह्यातल्या या भगिनी लिहितात, "ताई, आमचे हे लष्करातून निवृत्त झाले. सोबतचा एक जोडीदार गेला, त्याच्या गावी दरवर्षी जातात. त्याच्या बायकोला साडी, मुलांना पैसे. इकडे आमच्या मुलाच्या फीला ओढाताण. बोललं की दोन-दोन दिवस जेवत नाहीत. मी आडकाठी केली तर पाप लागेल का?"

बाई, पाप कसलं? पण आडकाठीही करू नका. यंदा तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर जा. त्या घरातल्या बाईशी तुम्हीच बोला. साडी तुमच्या हातून गेली की तिलाही अवघड वाटणार नाही आणि गावाची तोंडंही गप्प होतील. निघण्याआधी वर्षाची रक्कम दोघांनी बसून ठरवा, आणि पेन्शन आली की ती बाजूला काढा. मुलाची फी मात्र त्याच्याही आधी. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. जवानाच्या विधवेच्या पेन्शनचे कागद, मुलांच्या शिक्षणाची मदत, यात काही राहून गेलं असेल तर तिथं सांगतात. तुमच्या यजमानांना अर्ज लिहायला लावा. साडीपेक्षा ते तिला जास्त उपयोगी पडेल.

आणि आणखी एक. पलटणीतले जुने फोटो ट्रंकेत असतील. एखाद्या दुपारी ते काढून यजमानांपुढे ठेवा आणि एकेकाचं नाव, गाव विचारा. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनं हलकेच लिहा. बॉलपेननं नको, पुढे वळ उठतो. मग कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. मुलालाही जवळ बसवा.