खोकणाऱ्या मावशींना पगारी रजा द्या

खुब्याचे हाड मोडून भरती झालेला म्हातारा आठवड्याने तापाने फणफणतो, त्याला धाप लागते आणि घरचे म्हणतात, वयच झाले होते. मी आंधळगावची निवृत्त नर्स. असे कितीतरी ताप मी तक्त्यावर लिहिले आहेत. फ्लूची लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. म्हणजे आठवड्याने चढलेला ताप फ्लूचा असेल, तर तो म्हाताऱ्याने घरून आणलेला नाही. तो वॉर्डातच लागला.

दोष भेटायला येणाऱ्यांवर जातो, आणि खोकत येणाऱ्याने डबा दारातच द्यावा हे खरेच. पण रुग्णाला कुशीवर वळवताना, ट्रॉलीवर घेताना त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतात त्या मावशी आणि मामा. आमच्या वॉर्डातल्या एक कंत्राटी मावशी कणकण असतानाही पाळीवर यायच्या. श्वासाने ओला झालेला मास्क हनुवटीवर ओढून रुग्ण उचलायच्या. घरी जा म्हटले की उत्तर ठरलेले, "खाडा पडला का पैसे कटतेत जी."

आंधळगावात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हात थांबला की मजुरी थांबते, हे इथल्या कोसा विणकराला पक्के ठाऊक आहे. पण तापात मागावर बसणारा स्वतःचे हाल करून घेतो. तापात वॉर्डात आलेल्या मावशींमुळे दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. त्यात दोष त्यांचा नाही, त्यांना यायला लावणाऱ्या कंत्राटाचा आहे.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा मास्कसाठी झुंबड उडाली होती. भीती ओसरली, विषाणू मात्र मुक्कामाला राहिला. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा बाळे गेली, त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. वॉर्डात पसरणाऱ्या फ्लूचा धूर दिसत नाही, म्हणून त्याची तपासणीही कुणी मागत नाही.

मी मागते. पावसाळ्यापूर्वी कायम आणि कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याला फ्लूची लस द्या. ती अंगी लागायला दोन आठवडे जातात. रुग्णाला ताप-खोकला सुरू झाला की त्याच दिवशी त्याची खाट वेगळी करा. ऑसेल्टामिवीर ४८ तासांच्या आत सुरू झाले तर जास्त गुण येतो, त्यामुळे डॉक्टरांना लगेच कळवा. आणि आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा द्या.

मग काम कोण करणार, असे विचारले जाईल. राखीव माणसे ठेवा. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण देऊ शकतो. एका मावशींचा आठवड्याचा रोज वाचवून वॉर्डातले चार रुग्ण आयसीयूत पाठवणे, ही कसली काटकसर? पुढचे कंत्राट काढताना पगारी आजारी रजेची अट त्यात लिहा, आणि ती पाळली जाते की नाही हे दर महिन्याला तपासा.