जावरचा वारसा, देबारीचे ऋण

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या कुशीत जावर नावाचे गाव आहे. तेथील जुन्या घरांच्या भिंतींत मातीच्या जळक्या नळकांड्या रचलेल्या आढळतात. जस्त गाळून झाल्यावर निकामी ठरलेल्या मुशी त्या याच. ज्या कसबाने जगाला थक्क केले, त्याचे अवशेष गावकऱ्यांनी सहजपणे भिंतीत चिणले.

जस्त हा हाती न लागणारा धातू आहे. तो ९०७ अंश सेल्सिअसलाच वाफ होऊन उडतो. खनिजापासून तो वेगळा करायचा तर त्याहून अधिक उष्णता लागते. शिवाय वाफेला हवा लागली की पुन्हा राख! जावरच्या कारागिरांनी हे कोडे सोडवले. वांग्याच्या आकाराच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत बसवायच्या, एका भट्टीत अशा ३६, आणि वाफ खालच्या थंड कक्षात उतरवायची. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वृंताक मुशीचे वर्णन आहे. सुमारे बाराव्या शतकापासून येथे हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालला. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने वाफ खाली उतरवण्याच्या अशाच पद्धतीचे एकस्व घेतले ते १७३८ साली. १९८० च्या दशकातील उत्खननाने हा इतिहास उजेडात आणला आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील धातुतज्ज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. आपल्या वारशाची ओळख पटण्यासाठी परक्यांच्या प्रशस्तिपत्राची वाट पाहावी लागावी, हे आपले जुनेच दुखणे.

स्वतंत्र भारताने हा धागा पुन्हा हाती घेतला. १९६६ मध्ये हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९६८ मध्ये उदयपूरजवळ देबारी येथे वर्षाला १८ हजार टन क्षमतेचा जस्त कारखाना सुरू झाला. घरावरचा पत्रा असो वा नळाचा पाइप, लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या या धातूसाठी देश परावलंबी राहू नये, हा हेतू स्तुत्यच होता. २००२ मध्ये या कंपनीची मालकी खासगी हाती गेली. त्या व्यवहाराविषयी गुन्हा नोंदवून तपास करण्याचा आदेश २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला दिला. मालकीचा वाद न्यायालयात मिटेल. परंतु त्या खोऱ्यातील विहिरींना, शेतांना मालक कोण याने काय फरक पडतो?

खरा प्रश्न येथेच सुरू होतो. जस्ताचे खनिज म्हणजे गंधकाशी बांधलेला धातू. ते भाजताना गंधकाचा विषारी वायू निघतो. तो पकडून त्याचे आम्ल केले तर माल, सुटू दिला तर श्वासाला फास. खनिजातले लोखंड बाजूला काढताना जॅरोसाइट नावाचा पिवळसर गाळ उरतो. त्यात शिसे, कॅडमियम आणि उरलेसुरले जस्त असते. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. जावरच्या मुशींनी घरे उभी राहिली. देबारीच्या गाळाच्या वाट्याला बंदिस्त तलाव आले. सिमेंट आणि रस्तेबांधणीत त्याचा उपयोग होऊ लागला आहे, हे स्वागतार्ह. पण साठलेल्या गाळाची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार आहे.

कॅडमियमची हेळसांड काय करते, हे जपानने भोगले. कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून ते जिंझू नदीत, तेथून भातशेतीत आणि मग माणसांच्या हाडांत उतरले. त्या व्याधीचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’. जपान सरकारने ती प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले १९६८ मध्ये. देबारीची भट्टी पेटली त्याच वर्षी. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा आला १९७४ मध्ये आणि घातक कचऱ्याचे नियम १९८९ मध्ये. म्हणजे पहिली २१ वर्षे या गाळासाठी स्वतंत्र नियमच नव्हते!

उदयपूरजवळच्याच बिछडी गावाचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. तेथील दोष जस्ताचा नव्हे, वेगळ्या रसायन कारखान्यांचा. पण गावच्या विहिरींचे पाणी नासले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जो प्रदूषण करील तोच भरपाई देईल’ असा निवाडा दिला, आणि तरीही २०११ मध्ये वसुलीसाठी न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. न्याय कागदावर लवकर उमटतो, विहिरीत मात्र उशिरा उतरतो.

प्राचीनांच्या भट्ट्यांनीही अरवलीची लाकडे जाळली, हे नाकारण्यात अर्थ नाही. अभिमान डोळस असावा तो यासाठीच. उद्योग बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र भूजलाच्या तपासणीचे निष्कर्ष गावाच्या चावडीवर लागले पाहिजेत, कामगारांच्या व शेजारच्या कुटुंबांच्या आरोग्याची नियमित तपासणी झाली पाहिजे आणि गाळाच्या प्रत्येक टनाचा हिशेब खुला असला पाहिजे. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या उदरातून धातू घ्यावा. पण मोबदल्यात विष देऊ नये. जावरच्या वारसदारांकडून एवढी अपेक्षा करणे, हे अधिक खासच नव्हे!